डावीकडे दोन बोटे जास्त

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या सीटची खोळ आहे. कुशनवाल्याने मला उसवायला घेतले आहे. तो एकेक तुकडा सोडवतो आणि त्यावर खडूने आकडा टाकतो. मी त्याच क्रमाने बोलते. घाबरलेल्याचे बोलणे असे तुटकच असायचे.

१

ही बसायची बाजू. बत्तीस वर्षांपूर्वी तपकिरी रेक्झिनची मी शिवली गेले. माझ्यावर नर्सबाई बसत आणि घरोघर बाळंतिणींना तपासायला जात. पोरे ओरडत, "बाईंची गाडी! पळा, सुई आली!" लहानपणच्या आजाराने बाईंचा डावा पाय दोन बोटे आखूड राहिला होता. क्लच पुरता दाबला जाईना. म्हणून डावी कंबर पुढे रेटायला त्यांच्या यजमानांनी सीटच्या पाठीत डावीकडे घोंगडीची घडी भरली आणि मला तिथे

२

तिथे ऐसपैस शिवले. हे त्या दोघांनाच ठाऊक. पायाचा विषय बाईंना खपत नसे. यजमान गेले. मी विटले, स्प्रिंगा टोचू लागल्या. बाई चार दिवस परगावी गेल्याचे पाहून भाच्याने गाडी इथे आणली. "आत्या बघून चाटच पडेल!"

३

डावी बाजू. मला नव्या रेक्झिनवर पसरून कुशनवाला थबकला. "हा तुकडा दोन बोटे जास्त कसा?"

"ताणून सैल झाला असेल," भाचा म्हणाला. "आणि हा बोळा कसला? उंदराचं घर दिसतंय. फेका."

माझी प्रत्येक शिवण उसवली होती, तोंड मात्र मिटलेलेच. नव्या रेक्झिनवर कात्री चालली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

४

कातरणांच्या ढिगातून मी पाहत होते. बाई गाडी न्यायला आल्या, बसल्या, हसल्या. "अरे, नवरीसारखी नटवलीस की हिला!" इंजिन सुरू झाले. डावा पाय खाली गेला, पण पुरता गेला नाही. गियर पडताच गाडीने पुढे उसळी मारली. समोर टेबलाशी कुशनवाला वाकलेला होता. तो कसाबसा बाजूला कोलमडला. टेबल मोडले. इंजिन बंद पडले.

"माझी घडी कुठाय?" बाईंनी पाठीमागे हात घालून चाचपले.

"कसली घडी, आत्या?"

बाई उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

"सांगायचंस तरी, आत्या."

"विचारायचंस तरी, बाळा."

कुशनवाल्याने कचऱ्यातून घडी शोधली. आपलीच नवी शिवण उसवली, मला अंथरले आणि माझ्या कडेकडेने खडू फिरवला. या वेळी एक सूतही कमी केले नाही, आणि घडी पुन्हा जागेवर भरून शिवली.

मित्रांनो, माझे काम झाले, मला खुशाल टाका. पण झिजलेल्या वस्तूचा वाकडेपणा सरळ करण्याआधी एवढे विचारा, इथे कोण बसते?

बाई पुन्हा बसल्या आहेत. किल्ली अजून फिरवलेली नाही. डावा पाय खाली जातो आहे. आणखी खाली. टेकला.

त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा दाबून पाहिला. मग पुन्हा एकदा.