उजव्या कोपऱ्यातलं नाव

मी स्पेसबार बोलतोय. कीबोर्डच्या तळाशी आडवा पसरलेला, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कोरा. बाकीच्या बटणांच्या अंगावर काही ना काही लिहिलेलं असतं. कुणाला अक्षर मिळालं, कुणाला आकडा, कुणाला निदान एखादा बाण तरी. मला काहीच नाही. मी दाबला गेलो की कागदावर रिकामी जागा उमटते, आणि रिकाम्या जागेचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. साच्यात प्लॅस्टिक ओतलं, ते थंड झालं आणि मी झालो. पोटाखाली एक तार बसवली. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला दोनदा दाबलं, "हा चालतोय" म्हणाली आणि पुढे ढकललं. माणसाच्या तोंडून माझ्याविषयी निघालेला तो पहिला आणि शेवटचा चांगला शब्द.

मग मी या घरात आलो. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीशी, खिडकीखाली एक टेबल आहे, त्यावर मला ठेवलं. मला विकत आणणारे गृहस्थ कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. गल्लीतल्या भाजीवाल्यापासून सख्ख्या मेहुण्यापर्यंत सगळे त्यांना 'सर' म्हणतात, आणि सरांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. सुतार, लोहार, शिंपी, कुंभार यांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांचा एक जाडजूड कोश करायचा, हा त्यांचा ध्यास. त्या कोशासाठीच माझी खरेदी झाली.

पण सरांच्या बोटांची आणि माझी त्या वेळी ओळखही झाली नाही. मला ओळखलं ते त्यांच्या बायकोने. त्या घरात तिला नाव असं उरलेलंच नव्हतं. सरांची ती 'अगं', शेजारपाजारची वहिनी, भाचीची मामी. पोस्टमन पाकिटं द्यायचा तीसुद्धा सरांच्या नावाची. सकाळची कामं उरकली की ती पदराला हात पुसत टेबलाशी यायची, सरांनी चिठ्ठ्यांवर खरडलेले शब्द डोळ्यांजवळ धरून लावायची आणि टाइप करायची. सरांचं अक्षर म्हणजे चिलटं मारून ठेवलेली. ते तिच्याखेरीज कुणालाही लागत नव्हतं. कधीकधी खुद्द सरांनासुद्धा लागायचं नाही, मग तेच विचारायचे, "अगं, हे मी काय लिहिलंय?"

लग्नाआधी ती टाइपरायटर शिकली होती. क्लासच्या बाई मोठ्या कडक होत्या. शीर्षक ओळीच्या मधोमध बसवायचं, तर आधी त्यातली अक्षरं मोजायची, ओळीतून वजा करायची, उरलेल्याचं निम्मं करायचं आणि तेवढ्या वेळा मोकळी जागा सोडायची. हिला ते इतकं सवयीचं झालं होतं की नुसतं शीर्षक वाचूनच अंगठ्याला कळायचं. कॉम्प्युटर आला तरी अंगठा तोच राहिला. शीर्षक मधोमध हवं? दाब मला. डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ, दोन्ही रांगा एकाखाली एक हव्यात? दाब मला. अर्थाची रांग केसभर जरी हलली तरी ती परत मागे यायची, एक जागा काढायची, एक घालायची, मान तिरकी करून बघायची आणि पुन्हा दाबायची.

माझ्याच घरात, डाव्या कडेला, टॅब नावाचं एक बटण राहतं. हे काम एका दाबात करणं हा त्याचा जन्माचा धंदा. पण तिला ते कुणी सांगितलंच नाही. सर पाठीमागे उभे राहून शब्दांच्या चुका काढायचे. शब्द सरळ रेषेत कसे काय उभे राहतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आपोआप राहत असतील, असंच वाटलं असणार. घरातली बरीच कामं त्यांना आपोआप होतात असं वाटायचं.

वर्षं गेली. तिच्या अंगठ्याखाली माझी उजवी बाजू झिजून आरशासारखी झाली, डावी मात्र अजून खरखरीत आहे. कोश संपत आला आणि सरांनी प्रस्तावना सांगायला घेतली. येरझाऱ्या घालत ते बोलायचे आणि ती टाइप करायची. आभाराची पाळी आली. ग्रंथपालांचे आभार मानून झाले, दोन जुन्या सहकाऱ्यांचे झाले, ज्याने एकदा छत्री दिली त्या शिंप्याचेही झाले. मग सर खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "घे. घरच्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करू इच्छित नाही. पूर्णविराम."

तिचा अंगठा माझ्यावरच थबकला.

"अहो, टाइप कुणी केलं ते लिहायचं नाही का?"

"अगं, घरच्यांचे आभार मानतात का कुठे? बरं दिसतं का ते?"

"आभार नकोत हो. नुसतं नाव घाला."

"बघू."

'बघू' म्हणजे 'नाही', हे त्या घरात मलासुद्धा कळायला लागलं होतं. तिने पूर्णविराम दिला. पण त्या आठवड्यात एका दुपारी, सर जेवून पडलेले असताना, तिने पुस्तकाचं दुसरं पान उघडलं. पुस्तकाच्या नावामागचं पान, जिथे हक्क कुणाचे, छापलं कुठे, असली माहिती असते आणि जे कुणीही वाचत नाही. एंटर दाबत दाबत ती पानाच्या पार तळाशी गेली. मग मला दाबत दाबत पार उजव्या कडेला. तिथे बारीक अक्षरांत तिने लिहिलं, 'अक्षरजुळणी', आणि पुढे तिचं नाव.

ते नाव काय, हे मला विचारू नका. अक्षरं माझ्या हातची नाहीत. मला एवढंच ठाऊक की नाव आणि आडनाव यांच्या मध्ये तिने मला एकदाच दाबलं, आणि आजवर इतक्या हळुवारपणे कधी दाबलं नव्हतं. नंतर ती खुर्चीत मागे रेलून कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे बघत बसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सरांना ते दिसलं नाही. ते पान त्यांनी उघडलंच नाही.

फाइल प्रकाशकांकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. तिकडच्या मांडणी करणाऱ्याने फाइल उघडली, तर सगळा बट्ट्याबोळ. त्याच्याकडे आमचा फॉन्ट नव्हता. दुसरा फॉन्ट आला, अक्षरांची रुंदी बदलली, आणि माझ्या आधाराने उभ्या असलेल्या रांगा कोलमडल्या. लोहाराचा अर्थ शिंप्याच्या शब्दासमोर, शीर्षकं कुठल्या कुठे, अर्धी ओळ खाली घरंगळलेली. फोन ठेवला तेव्हा सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. बाहेर दोन पाहुणे चहा घेत होते, त्यांची पर्वा न करता ते ओरडले.

"काय करून ठेवलंस हे? अडाणी माणसाने केल्यासारखं आहे म्हणे! माझी अब्रू घालवलीस!"

"माझ्याकडे तर सगळं सरळ दिसत होतं हो," ती म्हणाली. तिचा आवाज पाहुण्यांपर्यंत पोचलासुद्धा नसेल.

मग सरांची भाची आली. एका कंपनीत असलीच कामं करते, पोरगी स्वभावाने चांगली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मामीला शेजारी बसवून घेतलं आणि एक बटण दाबलं. त्याबरोबर पानावर जे कधीच दिसत नाही ते दिसायला लागलं. माझा प्रत्येक दाब म्हणजे एक ठिपका. पानंच्या पानं ठिपक्यांनी भरून गेली, शब्दांपेक्षा ठिपकेच जास्त. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काम कुणीतरी बघत होतं.

"बाप रे मामी, हे सगळं तू एकेक करून दाबलंस?"

सर मागून डोकावले आणि हसले. "मुंग्या लागल्यात नुसत्या."

मामी अंगठा मुठीत घेऊन बसली होती.

भाचीने तिला टॅब दाखवलं, शीर्षक मधोमध नेणारं वरचं चिन्ह दाखवलं. तिने भराभर शिकूनही घेतलं. "इतकं सोपं होतं?" एवढंच विचारलं. मग भाचीने मशीनला हुकूम सोडला, जिथे जिथे माझ्या रांगा असतील तिथे तिथे एकेक टॅब घाल, आणि रिकाम्या सोडलेल्या ओळी काढून टाक. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वर्षानुवर्षांच्या दुपारी पुसल्या गेल्या. रांगा अशा सरळ उभ्या राहिल्या की मलाच लाज वाटावी.

"वा! याला म्हणतात काम," सर म्हणाले. "आता पहिल्यापासून एकदा दाखव बघू."

भाचीने दुसरं पान उघडलं. ज्या मोकळ्या जागांच्या आडोशाला ते नाव बसलं होतं, त्या जागाच गेल्या होत्या. कोपऱ्यातली ओळ वर सरकली, डावीकडे ओढली गेली, आणि नेमकी हक्कांच्या ओळीतल्या सरांच्या नावाखाली येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

भाची म्हणाली, "मामा, बरोबरच आहे की. टाइप तर मामीनेच केलंय सगळं."

"जुळणी कुठे आता तिची राहिली? सगळं तर तू सरळ केलंस! उद्या कुणी विचारलं तर? आणि घरच्या माणसाचं नाव असं माझ्या नावाखाली चिकटवायचं, लोक हसतील."

"अहो मामा, पण..."

"राहू दे गं," मामी म्हणाली. "सरक जरा."

तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि बॅकस्पेस दाबायला सुरुवात केली. ते बटण आमच्याकडचं खाटीक. एकदम सगळं पुसता येत होतं, भाचीने तेही नुकतंच शिकवलं होतं, पण तिने एकेक अक्षर पुसलं. आधी आडनाव गेलं. मग ती मधली एक जागा, माझी. मग नाव. भाची खिडकीतून बाहेर बघत होती. सर पुढच्या पानाची वाट बघत उभे होते.

इथेच संपलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण भाची गेली आणि सर म्हणाले, "प्रस्तावना उघड. एक वाक्य घालायचंय. या ग्रंथाची नेटकी मांडणी करून दिल्याबद्दल..." आणि त्यांनी भाचीचं नाव सांगितलं, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसकट.

"ती घरचीच ना?" मामीने विचारलं.

"छे, लग्न होऊन गेली ती. परक्या घरची झाली. तिचे आभार मानायलाच हवेत."

तिने ते वाक्य टाइप केलं. एकही चूक न करता केलं. त्या दिवशी तिचा अंगठा माझ्यावर दगडासारखा पडत होता आणि मी निमूट सोसत होतो.

कोश आला. सत्कार झाला, हार आले. सरांनी ओळखीपाळखीच्यांना सह्या करून प्रती वाटल्या. एक प्रत या टेबलावर ठेवली होती, तिच्यावर कुणासाठीही सही नव्हती. तिने ती उचलली, पहिलं पान उलटलं, दुसरं पाहिलं, मिटली आणि फडक्याने टेबल पुसायला लागली. मलाही पुसलं. कडेकडेने, नीट.

मग सरांनी दुसऱ्या पुस्तकाची तयारी केली. चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला आणि हाक मारली, "अगं, ये जरा, सुरुवात करू."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. आत मात्र आली नाही.

"बाहेरून करून घ्या," ती म्हणाली. "परक्या माणसाकडून. म्हणजे आभारही मानता येतील."

सर हसले. थट्टा वाटली त्यांना. ती परत आत गेली आणि पुन्हा या टेबलाशी आली नाही.

टाइप करून देणाऱ्या बाहेरच्या दोघांनी चिठ्ठ्या पाहूनच हात जोडले. त्या अक्षराला वाचणारं माणूस त्यांच्याकडे नव्हतं. तेव्हापासून सर स्वतःच बसतात. एका बोटाने अक्षरं शोधतात, वैतागतात. पण सगळ्यांत जास्त हाल माझे. भाची शिकवत होती तेव्हा ते तिथेच उभे होते, पण बायकांना शिकवलेलं आपण कशाला ऐकायचं? त्यामुळे शीर्षक मधोमध हवं की ते मला दाबतात. रांग सरळ हवी की मला दाबतात. मधल्या बोटाने, जोरात. रांग काही सरळ येत नाही. तिच्या अंगठ्यात जे होतं ते या बोटात नाही, आणि टॅब बिचारं अजूनही कोरं करकरीत.

आत्ताही दाबतायत. मध्येच थांबून हाक मारतात, "अगं, हे सरळ कसं करतात गं?"

आत नळ चालू असतो. हाकेबरोबर तो बंद होतो. तिने ऐकलंय. तिला येतं, एका दाबाचं काम आहे, चार शब्दांत सांगता येईल. मी वाट बघतो. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू होतो.

सरांचं नवं पुस्तक कधी तुमच्या हाती आलं आणि ओळी वाकड्यातिकड्या दिसल्या, तर कृपा करून मला बोल लावू नका. मी आजही कुणी सांगेल तेवढीच जागा सोडतो. त्या पुस्तकात आभाराचं पान असेलच. तेवढं शोधून वाचा, आणि घरच्यांना परकं न करणारं ते वाक्य आलं की क्षणभर थांबा. ते वाक्य या वेळी त्यांना स्वतःच्या बोटाने लिहावं लागलं असेल.