गजरातला ठोका

साल सत्त्याण्णव. कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी वसाहतीत सप्ताह होता. बुवांची जीप जासईजवळ कंटेनरच्या रांगेत अडकलेली, मंडप भरलेला आणि आम्ही टाळकरी ताटकळत उभे. मृदंगावर आप्पा. मार्केटात गोणी वाहून आले तरी मृदंगावर त्यांचा हात फुलासारखा पडायचा.

"जयमाला, बुवा येईस्तोवर तुझ्या ताऱ्याचं सांग," ते लेकीला म्हणाले. "तोंड पाडून बसतीस, ते का, कळू दे लोकांना."

"कीर्तनात तारा, आप्पा?"

"देवानंच केलाय न्हवं?"

जयमाला ताऱ्यांवर संशोधन करायची. संकोचत उभी राहिली. म्हणाली, "दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक मोठा. दुसरा विझून, आक्रसून शहराएवढा झालेला, पण गरगर फिरणारा. मोठ्याचा वायू त्याच्यावर कोसळतो, त्यातून क्ष-किरण निघतात. दर गिरकीला एक ठोका."

"म्हंजे मृदंगच की!" दुर्गाबाई मागून ओरडल्या.

"हो मावशी. पण मला तो ठोका सापडतच नाही. या आठवड्यात नाही सापडला, तर विषय सोडावा लागेल. दुर्बिणीच्या नोंदींत मधेच एकदा किरणांचा भडका उडालाय. यंत्राचा गोंगाट समजून तो भाग मी कापून टाकला. एकदम असा उसळला..."

आणि तिनं हात उंच केला.

आता कीर्तनात हात वर गेला की गजर उचलायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. उचलला! मंडप दणाणला. "अहो थांबा, गजर नकोय!" जयमाला सांगत होती, पण ऐकतंय कोण?

मग तिचं लक्ष मृदंगाकडे गेलं. आप्पांच्या हातांकडे बघत राहिली. एवढ्या कल्लोळात ठोका जागचा हलला नव्हता; उलट आप्पा आता जीव तोडून वाजवत होते.

गजर उतरल्यावर ती त्यांच्यापाशी वाकली. "नोंदींच्या शांत भागात ठोका फार दबका वाजत असेल, आप्पा. मी तिथंच शोधत बसले."

"मग भडक्यात बघ की."

"बघते. पण तो यंत्राचाच गोंगाट निघाला, तर संपलं."

काल्याच्या दिवशी ती कागदाची गुंडाळी घेऊन धावत आली. भडक्याच्या उंच रेघेवर सारख्या अंतरानं उंचवटे, एकामागून एक. मला त्यातलं काय कळणार? हात मात्र आपोआप जोडले गेले.

आप्पा उंचवट्यांवरून बोट फिरवत गुडघ्यावर ठेका धरून बसले होते.

"लय जरा संथ हाय," ते म्हणाले. "पर चुकत न्हाई गडी."