नववा नियम

आमच्या गावच्या भजनी मंडळात वाचता येणारा एकही माणूस नव्हता, पण नियम मात्र फळ्यावर लिहिलेले होते. बाळाजी मास्तर बदली होऊन निघाले, तेव्हा जाता जाता त्यांच्याकडून ते लिहून घेतले आणि खोलीत आतल्या भिंतीवर टांगले. ही एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. उरणच्या खाडीकाठी आमची मिठागरं, आणि मिठागरांच्या वाटेवर मंडळाची खोली. आत पेटी, मृदंग, टाळांच्या बारा जोड्या. दाराला भलंमोठं पितळी कुलूप आणि त्याच्या तीन लोखंडी चाव्या. एक अध्यक्ष कोंडाजीकडे, दुसरी बुधाजीकडे, तिसरी तुळशीरामाकडे.

तुळशीराम मुंबईला गोदीत कामाला गेला, तेव्हा आपली चावी बायकोकडे, सगुणेकडे, ठेवून गेला. महिन्याकाठी त्याचं पत्र येई. पोस्टमन ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवी आणि निम्मं गाव ऐके. 'तुझी आठवण येते' एवढं वाक्य पोरांना आठवडाभर पुरायचं. सगुणेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याचं पत्र आपलं आपल्याला वाचता यावं, एवढंच तिला हवं होतं.

शेजारची नीराबाई माहेरी पेणला चार इयत्ता शिकलेली. ती शिकवायला तयार झाली, शिकायला सगुणेबरोबर आणखी सहा जणी तयार झाल्या. पण बसायचं कुठं? घरात चूल, सासू आणि कोंबड्या. मंडळाची खोली मात्र दिवाळीपासून चैत्रापर्यंत बंद असे, कारण ते दिवस मिठाचे आणि पुरुष सगळे मिठागरावरच राहत. सगुणेनं कोंडाजीला विचारलं, दुपारी दोन तास खोली उघडू का?

कोंडाजीनं सांगितलं, चावी परक्याच्या हाती द्यायची नाही असा पाचवा नियम आहे, तुळशीरामानं तो मोडलाय. सगुणेनं विचारलं, बायको परकी कधीपासून झाली? कोंडाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"नववा नियम हाय," तो म्हणाला. "बाईमाणसानं कुलपाला हात लावायचा न्हाय. लावलास तर तुझ्या नवऱ्याचं नाव मंडळातून गेलं."

फळ्यावर लिहिलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. तुळशीरामाचा जीव मृदंगात होता. त्याचं नाव आपल्यापायी जावं, हे सगुणेला सोसवेना. ती घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

आता तिसरा नियम ऐका. चावी कायम करदोट्याला बांधलेली असावी, झोपताना आणि अंघोळीलासुद्धा काढू नये. हा नियम कोंडाजीनं आणि बुधाजीनं जीव ओतून पाळला. कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून बांध घातले, मीठ ओढलं, चावी कमरेलाच. मीठ फावडी खातं, कोयते खातं, हे जन्मभर बघितलेली माणसं, पण चावीही लोखंडाचीच हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नियम पाळताना अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय.

हनुमान जयंतीला खाडीपलीकडच्या गावात भजनाचा सामना होता. पुनवेची भरती दुपारी भरते, आणि मचवा भरतीवरच सुटायला हवा, कारण पाणी ओसरलं की तो चिखलात बसतो. मंडळी नवे फेटे बांधून खोलीच्या दाराशी जमली. कोंडाजीची चावी कुलपात नुसतीच गरगर फिरू लागली, दात झिजून गेलेले. बुधाजीच्या चावीला तर दातच उरला नव्हता. दगडानं ठोकून बघितलं, कुलपाला पोचे आले, पण ते सुटेना. कौलं उतरवायला वेळ नव्हता. मचव्यावरून तांडेल शिव्या घालू लागला.

तेव्हा बुधाजी हळूच म्हणाला की सगुणेकडे एक चावी आहे. सगळ्यांनी कोंडाजीकडे बघितलं, आणि कोंडाजीनं फेट्याचा शेमला उगाच नीट केला.

सगुणा सावकाश चालत आली. विळीला आणि कोयत्याला लावते तसं तिनं चावीलाही दर आठवड्याला खोबरेल लावलं होतं. चावी तशीच काळीभोर, गुळगुळीत. कोंडाजीनं हात पुढे केला.

"परक्याच्या हाती द्यायची न्हाय ना, कोंडूमामा?" सगुणा म्हणाली. "उघडीन तर मीच. आन् उद्यापास्नं रोज दुपारी उघडीन. घरधन्याचं नाव हाय तिथंच ऱ्हायाला पायजे."

कोंडाजीनं कुलपाकडे बघितलं, मग पाण्याकडे. धक्क्याची एक पायरी उघडी पडली होती. तो "व्हय" म्हणाला, पण इतकं तोंडातल्या तोंडात की सगुणेनं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग कुलूप उघडलं.

मंडळानं सामना जिंकला. परत आल्यावर कोंडाजी चारचौघांत सांगत होता की हे सगळं शिस्तीमुळं झालं.

दुसऱ्या दिवसापासून सात जणी खोलीत बसू लागल्या. गौरी-गणपतीच्या सुमाराला सगुणेनं नवऱ्याचं पत्र पोस्टमनच्या हातातून न फोडता घेतलं, दार लावून तीनदा वाचलं आणि पोटभर रडली. त्यात काय होतं ते गावाला आजतागायत कळलेलं नाही. मग दुपारी खोलीत आल्यावर ती भिंतीवरच्या फळ्याकडे वळली. एकेक अक्षर लावत आठवा नियम संपवला आणि थांबली. पुन्हा वरून मोजलं. नीराबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"मी पहिल्याच दिवशी वाचलं," नीराबाई म्हणाली. "पण मी सांगितलं असतं, तर तुला पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून कळलं असतं."

दसऱ्याला मंडळाची सभा भरली. सगुणा सगळ्या पुरुषांसमोर उठली, अक्षराखाली बोट ठेवत आठही नियम वाचले आणि कोंडाजीला म्हणाली, नववा कुठं आहे, त्यावर तुम्ही बोट ठेवा. कोंडाजी उठला. फळा त्यानं वरून खाली बघितला, खालून वर बघितला. मग तो जागेवर जाऊन बसला.

"पुन्ना एकदा वाच," तो म्हणाला.

सगुणेनं पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला आवाज चढवून वाचलं.