सासऱ्यांची बॅटरी

बाद सेलच्या डब्यातला एक सेल मीटरवर ठणठणीत निघाला आणि दीक्षाने तो पुन्हा लावून पाहिला. चांगला सेल इथे पडलाय, मग बाद गेला कुठे?

भोसरीच्या त्या शेडमध्ये लांब झोताच्या मोठ्या बॅटऱ्या बनत. भंगारातल्या ई-स्कूटरचे जाडजूड लिथियम सेल दीक्षा तपासायची आणि सारख्या ताकदीचे दोन जमले की रबर लावून जोडी बाजूला ठेवायची. सगळे तिला वधू-वर सूचक म्हणून चिडवत. विजोड जोडी बॅटरीत गेली की चार्जिंगला दुबळा सेल तापतो, फुगतो, कधी पेटही घेतो, हे तिला पाठ होतं.

आणि काल तिनेच जेवणाचा डबा गळतोय म्हणून एका जोडीचं रबर काढून डब्याला लावलं होतं. सुटे सेल गडगडत बाद सेलांत मिसळले. सासऱ्यांची बॅटरी कालच घरी न्यायची होती, त्या घाईत तिने नुसत्या नजरेने दोन उचलून तिच्यात बसवले.

सासरे कोंडीराम चाकणला गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी रहाटणीला परतले की बॅटरी उशाशी चार्जिंगला लावायची, फोन बंद करायचा आणि कडी घालून झोपायचं, ही त्यांची रीत. म्हणजे आत्ताही ते झोपलेच असणार. दीक्षाने पळतपळत रस्ता गाठला आणि शेजारच्या शालनबाईंना फोन लावला.

"मावशी, आमचं दार वाजवा. बाबांना उठवा!"

"अगं, दाराशीच आलीय, बडवतीय. आतून कडी हाय. म्हाताऱ्याला ऐकू कुठं येतंय धड?"

"जळका वास येतोय का?"

"कसला वास गं?"

दीक्षाने फोन ठेवला आणि समोर आलेली रिक्षा पकडली. रिक्षा सिग्नलला थांबली.

"दादा, जरा लवकर घ्या ना."

"ताई, पुढं बघा की. उडवत नेऊ का आता?"

डोळे मिटले की तिला उशी दिसायची. उशी पेटलेली आणि बाबांना काही ऐकूच येत नाही. मरणाची भीती वाटत होती तिला.

घराची खिडकी फुटेल इतकी तिने बडवली, तेव्हा कुठे कोंडीरामांनी डोळे चोळत कडी काढली. ती त्यांना ढकलूनच आत शिरली. बॅटरीला हात लावला आणि चटका बसला. पिन उपटून, सांडशीत धरून तिने बॅटरी समोरच्या बांधकामाच्या वाळूत फेकली. फुस्स आवाज झाला, पांढरा धूर आला, मग जाळ. शालनबाई किंचाळल्या.

कोंडीराम अनवाणी येऊन उभे राहिले.

"सकाळीच हाताला गरम लागली होती," ते म्हणाले. "म्हटलं, ताकदीची हाय, तापत असंल. तू केलेली, मग भ्यायचं कशाला?"

"बाबा, माझी चूक झाली." तिला हुंदका आवरेना.

"रडू नको. काल गेटवर सगळ्यांना दाखवली मी. सुनेनं केली म्हनून."

संध्याकाळी ते ड्युटीला निघाले. चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "दुसरी कधी आणशील, पोरी?"

दीक्षाने चटका बसलेला हात ओढणीखाली घेतला. पुन्हा सेल जोडायची तिची हिंमत होत नव्हती.

कोंडीराम बॅटरीविना, रिकाम्या हातानेच बाहेर पडले.