वाळवंट पाहिलेला पितळी पंप

मित्रांनो, सायकलच्या दांड्याखाली अडकवलेला हा पोचे पडलेला जुना पितळी पंप दिसतो ना, तो मी. सायकल कुठे कुठे फिरली हे लोक कौतुकाने विचारतात. मला कुणी काही विचारत नाही. जाऊ द्या, आता सवय झाली आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात, मुठीच्या दांड्याच्या टोकाला, चामड्याची लहानशी वाटी आहे. ती तेलकट, मऊ असली की नळीला घट्ट चिकटून हवा पुढे ढकलते. एवढाच माझा संसार.

पुढे मी दोन भावंडांच्या घरी आलो. ताई दवाखान्यात नर्स, धाकटा भाऊ शिंपी. दोघांनी सायकलवरून वाळवंट पार करायचे ठरवले आणि घरात एकच धांदल उडाली. भावाला चकाकीचे भारी वेड. त्याने मला घासून घासून इतके लखलखीत केले, की माझ्यात पाहून तो भांग पाडू लागला. मीही हुरळून गेलो. मला उघडून आत डोकवावे, हे मात्र त्याला सुचले नाही.

वाळवंटात मऊ वाळू लागली की चाके रुततात. तेव्हा टायरमधली हवा थोडी सोडायची, म्हणजे टायर पसरट होऊन सायकल पुढे सरकते. दोघांनी तसेच केले. मग वाळू संपली आणि दगडगोट्यांचा रस्ता लागला. आता हवा भरली नाही तर चाकांची वाट लागणार होती. विहीर लांब होती, पाण्याची शेवटची बाटली अर्धी झाली होती. पायी पोहोचणे शक्यच नव्हते.

भावाने मला हातात घेतले. दांडा सपासप खाली-वर होई, पण हवेचा पत्ता नाही. उन्हाने माझी वाटी सुकून आक्रसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“एवढा घासूनपुसून आणला, आणि ऐन वेळी दगा देतोय!” भाऊ चिडला.

“आतून बघितलास का कधी?” म्हणत ताईने मला उघडले. ओठांना लावायच्या मलमाची डबी तिने खिशातून काढली. तळाशी जरासेच उरले होते.

“अगं, तुझे ओठ बघ किती फुटलेत!”

“ते मरू दे. आधी हा पंप.”

तिने सगळे मलम वाटीला चोळले. वाटी मऊ झाली, दांडा जड लागू लागला आणि टायर फुगला. भाऊ आनंदाने ओरडला. मग त्याचे लक्ष पुन्हा तिच्या ओठांकडे गेले.

“ताई, तू पाणी कधी प्यालीस?”

“मघाशी प्याले की.”

“खरं सांग.”

आता त्याच्या ध्यानात आले. सकाळपासून थट्टामस्करी करत ताई बाटली नुसती तोंडाला लावायची आणि त्याच्या हातात द्यायची. भावाचे डोळे भरून आले. तिने पोटभर पाणी पिईपर्यंत त्याने सायकलला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत दोघे विहिरीपाशी पोहोचली.

आता भाऊ मला पुसण्याआधी उघडतो, वाटीला तेल लावतो. मला फार बरे वाटते. आणि ताई कामावरून हसत हसत घरी आली, की शिलाई थांबवून विचारतो, “जेवलीस का?” ती “हो” म्हणते. तरी तो तिचा डबा उघडून पाहतो.

मित्रांनो, तुम्हीही पाहत जा.