पांढऱ्यात पिवळा, चार थेंब

माझ्या सासऱ्यांच्या फुप्फुसांत जुना जंतुसंसर्ग ठाण मांडून बसला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक वही दिली. रोज सकाळी भरायची: खोकला शून्य ते पाच, दम शून्य ते पाच, कफ किती चमचे आणि कोणत्या रंगाचा.

बाबांनी चाळीस वर्षं दुकानात भिंतींचे रंग मिसळले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, ‘पांढऱ्यात पिवळा, एक थेंब.’

“नुसतं पिवळसर लिहिलं तरी चालेल,” मी म्हटलं.

“पिवळसर म्हणजे काय, सूनबाई? असा रंग दिला असता तर गिऱ्हाइकानं डबा माझ्याच डोक्यावर ओतला असता.”

रविवारी माझ्या नणंदेच्या नव्या घराला रंग लागायचा होता आणि तो बाबाच मिसळणार होते. “मी नसलो तर जावई तयार डबा उचलून आणेल,” हे ते चोरीची बातमी सांगावी तसं सांगत. खोकला वाढला की दवाखान्यात भरती, हे त्यांना मागच्या वर्षीपासून पाठ होतं.

गुरुवारी तपासणीला गेलो. बाबा रस्ताभर खोकत होते. वही मात्र ठणठणीत होती: खोकला एक, दम शून्य, कफ अर्धा चमचा.

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. “आजोबा, उद्याही खोकला एकच?”

बाबांनी शनिवारपर्यंतचे आकडे भरून ठेवले होते.

“अंदाज आहे,” ते म्हणाले आणि मिनिटभर खोकले.

“मग उद्याचा रंग का नाही लिहिला?”

“बघितल्याशिवाय रंग कसा लिहिणार?”

बाईंनी रंगाचा रकाना मागच्या दिवसांपासून वाचायला घेतला. सोमवारी दोन थेंब. मंगळवारी चार. बुधवारी चार, वर हिरव्याची किंचित झाक.

“आकडे खोटे आणि रंग खरे?”

“रंग खोटा कोण लिहील?” बाबा खरोखर दुखावले. मग हळूच म्हणाले, “भरती का? रविवारी लेकीच्या घराचा रंग मिसळायचाय. जावयाला नाही जमायचं.”

“आणखी चार दिवस गेले असते तर नक्की. आत्ता कळलंय, तर गोळ्यांवर भागेल. कफ मात्र आजच तपासायला द्या. आणि रविवारी रंगाच्या वासात जायचं नाही. तुमची खुर्ची दाराबाहेर, डबा जावयाच्या हातात.”

“त्यानं थेंब जास्त टाकला तर?”

“ओरडा.”

“दम लागेल.”

“तो वहीत लिहा,” बाई म्हणाल्या. “लागल्यावर.”