बुरूलच्या लग्नातला पडदा

मी बुरूलच्या लग्नातला पडदा बोलतोय. पांढरं सुती कापड, कडेनं मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी. बुरूलच्या आईनं मला शिवलं. शिवताना तिनं शेजारणींची इतकी उणीदुणी काढली, की ती अजून माझ्या टाक्याटाक्यांत असतील.

आमच्याकडे नवरी सासरी आली की तिला पडद्यामागे बसवतात. तिचं तोंड पाहायचं तर आधी भेट द्यायची. फुकट कुणी पाहायचं नाही. बुरूल माझ्यामागे बसली तेव्हा भीतीनं माझी कड मुठीत घट्ट धरून होती. सासूनं मला बाजूला सारलं, तिला डोळे भरून पाहिलं आणि आपल्या कानांतली चांदीची कर्णफुलं काढून तिच्या हातावर ठेवली. मग माझी घडी पेटीत गेली. पुढे मुलगी झाली, तर तिच्या लग्नाला उपयोगी पडेन म्हणून.

मुलगी झाली, सैकाल. पण ती लग्न करायचं सोडून राजधानीत, बिश्केकला सिनेमा शिकायला गेली आणि कॅमेरा घेऊन परत आली. उन्हाळ्यात कुरणावर, घरच्याच माणसांना उभं करून तिनं पहिला सिनेमा काढला. तिचा मामा कादिराली त्यात घोडेस्वार झाला होता. शहरात एकही थिएटरवाला तो लावेना. "मारामारी नाही, पळापळ नाही, नुसती मेंढरं! कोण बघणार, बाई?"

सैकालनं ठरवलं, आपणच गावोगाव दाखवायचा. चित्र पाडायचं यंत्र उसनं मिळालं. पडदा नव्हता. तिनं पेटी उघडली.

"अगं, नवरीचा पडदा चव्हाट्यावर टांगतेस?" बुरूल कडाडली. "आणि नवरी कुठाय?"

"माझा सिनेमाच नवरी, आपा." सैकाल आईला आपा म्हणायची.

"जीभ बघा हिची! नीट ऐकून ठेव. त्या पडद्यासमोर मी मरेपर्यंत पाऊल ठेवणार नाही."

डोंगरातली माणसं शब्दाला पक्की, आणि बुरूल तर नुसता खडक.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात मला दोन खांबांना बांधलं. सगळं गाव समोर येऊन बसलं. तिकीट नव्हतंच. सिनेमा संपल्यावर लोक कपडे झटकून उठले, तसे म्हातारे मामबेत आजोबा ओरडले, "कुठं निघालात? नवरीच्या पडद्यावर नवं तोंड पाहिलंत आणि रिकाम्या हातानं घरी? लाजा सोडल्यात काय?" आणि त्यांनी स्वतःचं एक कोकरू आणून सैकालच्या हातात दिलं. मग काय, कुणी लोकर आणली, कुणी वाळवलेल्या दह्याचे गोळे, कुणी जीपसाठी पेट्रोल. तीच रीत पडली. सैकालचा दुसरा सिनेमा अशाच भेटींवर निघाला, आणि तिसराही.

ती मात्र आमच्या गावातल्या दर खेळाला गर्दीत एकच तोंड शोधायची. ते कधीच सापडायचं नाही.

मला सापडायचं. समोर चित्र सुरू झालं, की माझ्या मागच्या बाजूला पावलं वाजायची. बुरूलच्या हातात गाईचं दावं असायचं. गाय केव्हाची गोठ्यात रवंथ करत असायची. बुरूल दगडावर बसून माझ्या पातळ कापडातून सिनेमा पाहायची. पाऊल काही समोर ठेवलेलं नव्हतं, म्हणजे शब्दही मोडला नव्हता! हसू आलं की रुमाल तोंडात कोंबायची, रडू आलं की मलाच नाक पुसायची. सैकालला सांगावं असं फार वाटायचं. पण कापडाला तोंड कुठलं?

वर्षं गेली. परदेशात सैकालला बक्षीस मिळालं. बुरूल एवढंच म्हणाली, "बक्षीस? मेंढी दिली का कुणी?"

त्या शरदात एके दिवशी सैकालनं मला धुऊन अंगणात वाळत घातलं. बुरूल चुलीपाशी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती.

"आता पुरे, आपा," सैकाल म्हणाली. "कॅमेरा विकून टाकते. तू एकदाही पाहिलं नाहीस. मग मी करू कुणासाठी?"

माझा जीव दोरीवर टांगणीला लागला. वाटलं, आता तरी बुरूल सांगेल. तर ती भडकलीच.

"वीक! बरंच होईल. घोडा कळत नाही त्यानं घोड्याचे सिनेमे काढू नयेत. माझा भाऊ जन्मभर डावीकडून घोड्यावर चढला. सगळी दुनिया डावीकडून चढते. आणि तू त्याला उजवीकडून चढवतेस? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"मामा डावीकडूनच चढलाय, आपा."

"मला शिकवू नकोस. या डोळ्यांनी पाहिलंय, उजवीकडून! तिन्ही सिनेमांत!"

बोलून गेली, आणि हातातला झारा तसाच थांबला. सैकाल माझ्याकडे पाहत राहिली. मागून पाहिलं की डाव्याचं उजवं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मागे थंडी वाजत असेल ना गं?" तिनं हळूच विचारलं.

"मी गाय शोधायला गेले होते," बुरूल म्हणाली. बोरसोक करपून काळे झाले होते.

पुढच्या खेळाला सैकालनं आईला समोर बोलावलं नाही. तिनं यंत्र उचललं आणि माझ्या मागच्या बाजूला नेऊन ठेवलं. गावही कुरकुरत, सतरंज्या ओढत तिकडे आलं आणि बुरूलच्या दगडाभोवती बसलं. बुरूल जागची हलली नाही. कादिराली घोड्याशी आला, डावा पाय रिकिबीत घातला आणि चढला.

"हं," बुरूल म्हणाली. "आत्ता कसा माणसासारखा चढला."

सिनेमा संपला. तिनं कानांतली कर्णफुलं काढली, मुलीच्या हातावर ठेवली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून किती तरी वेळ पाहत बसली. मी खांबांना बांधलेला होतो, नाहीतर त्या दोघींना पांघरूण घातलं असतं.

आता मी जुना झालोय. कड उसवलीय, आणि माझी पुढची बाजू कुठली, मागची कुठली, ते मलाच कळत नाही. कॅमेरा विकलेला नाही. चौथा सिनेमा चाललाय. माझं एवढंच मागणं आहे, मला पुन्हा पेटीत घालू नका. आणि आमच्या गावी याल तेव्हा मनाला येईल त्या बाजूला बसा. फक्त रिकाम्या हातानं येऊ नका. फुकट कुणी पाहायचं नाही.